माडी तापते म्हणून भिंतींना आतून थर्माकोल? वारसा यादीतील वाड्याविषयी सल्ला हवा

मागचा सोपा:

नमस्कार. आमचा वडिलोपार्जित वाडा कसब्यात, शनिवारवाड्याच्या तटापासून साधारण दोनशे मीटरवर आहे आणि महापालिकेच्या वारसा यादीत तो तिसऱ्या श्रेणीत नोंदलेला आहे. मधोमध चौक, चारही बाजूंनी सोपे, तळमजल्याच्या भिंती जवळजवळ दोन फूट जाडीच्या आणि वर लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यातली माडी, अशी नेहमीचीच रचना आहे. पुढच्या पाख्यांवर अजून मंगलोरी कौले आहेत; मागच्या बाजूची कौले दर पावसाळ्यात गळतात म्हणून वडिलांनी १९९४ साली ती उतरवून पत्रे घातले.

तळमजला मे महिन्यातही सुसह्य असतो. माडीवर मात्र, विशेषतः मागच्या दोन खोल्यांत, रात्री अकरा वाजतासुद्धा अंगाची काहिली होते. आई ७८ वर्षांची आहे आणि जिना नको म्हणून माजघरातच झोपते, पण आम्ही बाकीचे सहाजण वरच राहतो. गेल्या वर्षी दोन एसी बसवले. ते रात्रभर चालतात, बिल दुप्पट झाले आहे आणि खोली पहाटेपर्यंत काही धड गार होत नाही.

एका ठेकेदाराने असे सुचवले आहे की माडीच्या बाहेरच्या सर्व भिंतींना आतून दोन इंच थर्माकोल आणि त्यावर जिप्समचे तक्ते लावावेत, जुन्या लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवाव्यात, तळमजल्याच्या ओल आलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा आणि चौकावर पॉलिकार्बोनेटचे कायमचे छत घालावे. असे केल्यास एसीचा खर्च निम्मा होईल, असे त्याचे म्हणणे आहे. बाहेरून काहीच दिसणार नाही, तेव्हा परवानगीचाही प्रश्न नाही, असेही तो म्हणतो. वाडा पाडून इमारत बांधण्याचा आमचा विचार नाही. पण त्यात राहणे जमले पाहिजे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाणीचा चुना:

मी वारसा संवर्धनाचे काम करणारा वास्तुविशारद आहे आणि पेठांमधल्या बऱ्याच वाड्यांच्या दुरुस्त्या पाहिल्या आहेत. ठेकेदाराने सुचवलेल्या चारही गोष्टी न करण्याजोग्या आहेत, पण त्यातली पहिली का चुकीची आहे हे नीट समजून घेतल्यास बाकीच्या आपोआप उलगडतील.

उष्णता कुठून येते, हा मूळ प्रश्न आहे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश असल्यामुळे मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास, दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. अशा वेळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना ते काही तासच लागते, आणि पेठांतले वाडे एकमेकांना खेटून असल्याने त्यांपैकीही निम्म्या भिंती शेजाऱ्याच्या सावलीत असतात. छपराला मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत सुटका नसते. आता आकड्यांत पाहा. दोन फुटांच्या वीटकामाच्या भिंतीतून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण १.१ वॉट उष्णता जाते. नव्या इमारतीतल्या नऊ इंची भिंतीतून याच्या दुप्पट जाते आणि नुसत्या पत्र्यातून सहा वॉटच्याही वर. शिवाय उन्हातला पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज अधिक तापतो. माडीच्या भिंती तळमजल्यापेक्षा पातळ असतील हे मान्य आहे, तरी पत्र्यापुढे त्यांचा वाटा किरकोळच राहतो. म्हणजे ठेकेदार तुमच्या घरातल्या मुळातच कमी तापणाऱ्या भागाला दुलई पांघरतो आहे आणि डोके उघडेच ठेवतो आहे.

जाड भिंतीचे दुसरेही एक काम असते. ती दिवसभर उष्णता पोटात घेते आणि रात्री सोडते. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ अंश असले तरी पहाटे पारा बहुधा २१-२२ पर्यंत उतरतो, मुंबईकरांना हे भाग्य नाही. रात्री खिडक्या उघड्या ठेवून भिंत गार करून घेतली की ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोलीला पुरते. आतून थर्माकोल लावला की भिंत आणि खोली यांचा संबंध तुटतो आणि हे फुकटचे शीतगृह बंद पडते.

छपराबाबत सविस्तर लिहीनच, पण आधी एक काम करा. साधे दोन-तीन तापमापक आणा. एक पत्र्याखाली, एक मागच्या खोलीत उशाच्या उंचीवर आणि एक माजघरात टांगा, आणि आठवडाभर दुपारी तीन, रात्री दहा व पहाटे सहा वाजता आकडे लिहून ठेवा. मोजल्याशिवाय एक खिळाही ठोकू नये.

सदाशिवातला:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, आणि सिमेंटच्या गिलाव्याबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो, कारण आम्ही ही चूक पैसे मोजून केली आहे.

आमच्या तळमजल्याच्या भिंतीला जोत्यापासून दोन फुटांपर्यंत ओल असे आणि लोणा झडून रोज केरसुणीभर पांढरी पूड निघे. २०११ साली एका ठेकेदाराने जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला, त्यात जलरोधक द्रव्य मिसळले आणि वर चकचकीत ऑइल पेंट दिला. दोन वर्षे भिंत आरशासारखी होती. तिसऱ्या पावसाळ्यात ओल दोन फुटांवरून पाच फुटांवर, रंगाच्या वर निघाली. जमिनीतून चढणारे पाणी पूर्वी गिलाव्यातून जागच्या जागी उडून जात होते; त्याला वाट राहिली नाही म्हणून ते आणखी वर चढले. फोटो लावण्यासाठी खिळा ठोकला तर गिलावा ताशासारखा वाजला आणि भोकातून ओली माती बाहेर आली. मग सुताराने भिंतीत घुसलेले तुळईचे टोक तपासले. सागवानाच्या त्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. बाहेरून तिच्यावर ओरखडाही नव्हता.

सगळे सिमेंट काढले, भिंत एक उन्हाळा आणि एक हिवाळा नुसती उघडी ठेवली (पाहुण्यांना काय वाटेल, यावर घरात बरीच चर्चा झाली), तुळईचे कुजलेले टोक कापून नवा सागवानी तुकडा जोडला आणि मग चुन्याचा गिलावा केला. चुना महिनाभर पाण्यात मुरवलेला, त्यात वाळू आणि विटांची सुरखी. आमच्या गवंड्याने गुळाचे आणि बेलफळाचे पाणीही घातले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, त्यामुळे घाई चालत नाही. दोन थरांमध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात आणि ओले गोणपाट टांगून भिंत जपावी लागते. दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत आटोपणे उत्तम. ओल अजूनही आहे, तेवढी दोन फुटांपर्यंतच. तिच्यासह राहायला आम्ही शिकलो आहोत.

ऱ्हाइनकाठचा पुणेकर:

मी मूळचा शनिवार पेठेतला, गेली काही वर्षे जर्मनीत इमारत-भौतिकी या विषयात काम करतो. आतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, सरसकट वाईट असे म्हणणे मला एकांगी वाटते. इकडे ज्या इमारतींचा दर्शनी भाग कायद्याने संरक्षित आहे तिथे बाहेरून काही लावताच येत नाही, म्हणून आतूनच करतात. त्यासाठी कॅल्शियम सिलिकेटचे तक्ते किंवा लाकडाच्या तंतूंचे फलक वापरतात, जे ओल शोषून पुन्हा सोडू शकतात. थर्माकोल नको हे बरोबर, परंतु पर्याय आहेत. युरोपात या कामासाठी २०१७ सालचे ईएन १६८८३ हे मानक आहे. ते अमुक साहित्य वापरा असे सांगत नाही. इमारतीचे मोल काय, तिची अवस्था काय, आणि कोणता उपाय तिला किती इजा करील, हे क्रमाने तपासण्याची पद्धत घालून देते. ऊर्जाविषयक युरोपीय निर्देशही संरक्षित इमारतींना नियमांतून सूट देण्याची मुभा सदस्य देशांना देतो, तरीसुद्धा लोक हे काम करतात, कारण हिवाळ्याचे हीटिंगचे बिल कायदा माफ करत नाही.

घाणीचा चुना:

ऱ्हाइनकाठचा पुणेकर, पद्धतीबद्दल आपले म्हणणे पूर्ण मान्य. साहित्याबद्दल मात्र दिशा उलटी आहे, हे लक्षात घ्यावे. तुमच्याकडे उब आत आणि थंडी बाहेर असते. बाष्प आतून बाहेर जाते आणि इन्सुलेशनमागच्या गार भिंतीवर दवते. इथे जुलै महिन्यात बाहेरची हवा पंचवीस अंशांची आणि दमट असते, भिंत पावसाने भिजलेली असते आणि आत एसी बावीसवर लावलेला असतो. मग बाष्प बाहेरून आत ओढले जाते आणि जिप्समच्या तक्त्यामागे, रंगाच्या थराआड अडकते. महिनाभर सूर्यदर्शन नसताना भिंतीला सुकण्यासाठी आतली बाजू तेवढी उरलेली असते आणि तीच आपण झाकून टाकतो. तुळयांची टोके नेमकी तिथेच असतात. सदाशिवातला यांच्या सुताराने स्क्रू ड्रायव्हरने जे शोधले ते जिप्समच्या तक्त्याआड कोणालाच सापडले नसते, वाळवी सोडून.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी छपराचे लिहितो, कारण खरे काम तिथेच आहे. मागच्या पाख्यांवरचे पत्रे काढून पुन्हा कौले घालावीत. परंतु त्याआधी सुताराकडून वासे तपासून घ्यावेत: मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे असते आणि चौरस मीटरला पंधराएक लागतात, म्हणजे रीपा धरून चाळीस किलोंच्या वर भार आला, पत्रा जेमतेम पाच किलो. तीस वर्षे हलके ओझे वाहिलेले वासे मधल्या काळात कुणी कापले असतील, दोन वाशांमधला एखादा काढलाही असेल. वाशांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर दोन इंच रॉकवूल (दगडाच्या तंतूंची उष्णतारोधक गादी), त्यावर पाणी अडवणारा पण बाष्प जाऊ देणारा कागद, मग उभ्या रीपा घालून दीड-दोन इंचांची मोकळी पोकळी आणि सर्वांत वर आडव्या रीपांवर कौले. ही पोकळी वळचणीला उघडी आणि आढ्याला उघडी राहिली पाहिजे, म्हणजे कौलाखाली तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी विसरू नका, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात खारी रॉकवूलची घरटी करतील. मी हे पाहिले आहे.

अशा छपरातून एक अंश फरकाला दर चौरस मीटरमागे साधारण ०.६ ते ०.७ वॉट उष्णता येते. केंद्राच्या २०१८ सालच्या इको निवास संहितेत नव्या निवासी इमारतींच्या छपराला १.२ ची मर्यादा आहे. ती संहिता तुमच्या वाड्याला लागू नाही, पण तुमचा वाडा नव्या इमारतींच्या अटीपेक्षा बरा ठरेल, आणि तोही रस्त्यावरून पाहणाऱ्याला मूळ रूपातच दिसेल.

जुना फेज:

निवृत्त विद्युत अभियंता. छपराचे आणि चुन्याचे मला कळत नाही, तारांचे कळते. आपण एसीचा विचार करता आहात, पण वाड्यातील वायरिंग शेवटचे केव्हा बदलले? लाकडी पट्टीवरची जुनी वायर, फ्यूजच्या जागी जाड तार आणि त्यावर दोन एसी, असे दृश्य मी पेठांत असंख्य वेळा पाहिले आहे. संपूर्ण घर सागवानाचे असताना ही हयगय परवडणारी नाही. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकूड गेले आणि तट तेवढा राहिला, ते तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे आहे. प्रथम अर्थिंग तपासा, प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारे स्विच) बसवा आणि एसीसाठी स्वतंत्र तार ओढा. वायर भिंत फोडून आत गाडू नका. वरून धातूच्या नळीतून नेल्यास दिसते खरी, पण उद्या काढता येते.

दुसरे, पंखे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. घरात नऊ पंखे रोज दहा तास चालत असतील तर दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट वाचतात. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

सौरऊर्जेविषयी कोणी विचारले नाही, पण विचारतीलच. एक किलोवॉटला दहा चौरस मीटर जागा लागते आणि रोज सरासरी चार युनिट मिळतात. घरांवरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र कौलांच्या पाख्यावर पॅनेल लावणे म्हणजे वाऱ्याची ओढ जुन्या वाशांवर आणणे आणि कौल फुटले की चार पॅनेल उतरवणे. परसात नंतर बांधलेल्या न्हाणीघराचा किंवा संडासाचा काँक्रीटचा स्लॅब असल्यास तिथे लावा. वारसा जपण्यासाठी स्वच्छतागृह कामी आले, असे प्रथमच होईल.

मागचा सोपा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठ दिवस मोजमाप केले. दुपारी तीनला पत्र्याखाली ४८ अंश, मागच्या खोलीत ३८, पुढच्या कौलाखालच्या खोलीत ३५ आणि माजघरात ३०. रात्री दहाला मागची खोली ३५ आणि बाहेर चौकात २७. म्हणजे बाहेर गारवा असताना आम्ही खिडक्या लावून एसी चालवत होतो, हे आकडे लिहिताना माझ्याच लक्षात आले. खिडक्या लावण्याचे कारण डास. चौकावरचे छत आणि परवानगी, या दोन गोष्टी अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. शिवाय आता एप्रिल संपत आला आहे. या उन्हाळ्यात तातडीने काय करता येईल?

घाणीचा चुना:

आकडे बोलके आहेत. पुढच्या आणि मागच्या खोलीत तीन अंशांचा फरक आहे आणि तो कौल व पत्रा यांचा आहे.

चौक मुळीच झाकू नका. माडीतली आणि सोप्यातली गरम हवा तिथूनच वर जाते आणि रात्री गार हवा तिथेच उतरून माजघरात शिरते. पॉलिकार्बोनेट घातले की चौकाची भट्टी होते आणि तळमजलाही तापू लागतो. उन्हाची तिरीप नको असेल तर लग्नामुंजीला मांडव घालत तसे कापडी छत मार्च ते मे बांधावे, कडेने हातभर फट ठेवावी आणि वळीव येण्याआधी सोडवावे.

परवानगीबाबत ठेकेदाराने सांगितलेले धरून चालू नका. आपला वाडा दोन चौकटींत बसतो. शनिवारवाडा केंद्राने संरक्षित केलेले स्मारक असल्याने १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र आहे. आपण दोनशे मीटरवर म्हणजे विनियमित क्षेत्रात आहात आणि तिथे दुरुस्ती व नूतनीकरणासाठीही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. अंतर गल्लीने चालत मोजू नका, ते स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सरळ रेषेत धरतात. दुसरी चौकट महापालिकेच्या वारसा समितीची. तिसऱ्या श्रेणीत आतले आणि बाहेरचे बदल सर्वसाधारणपणे मान्य होतात, परंतु ते इमारतीच्या रूपाशी सुसंगत हवेत. पत्रे काढून पूर्वीची कौले घालणे हा प्रस्ताव समितीपुढे मांडायला सोपा आहे. सागवानी खिडक्या काढून यूपीव्हीसी घालणे तितके सोपे नाही, आणि त्याची गरजही नाही. जुन्या चौकटींना आतून बिजागरीवर उघडणाऱ्या जाळीच्या झडपा बसवा, म्हणजे डासांचा प्रश्न सुटेल आणि रात्रभर खिडक्या उघड्या राहतील. चौकटीला खिळे नकोत, स्क्रू चालतील. अर्जासोबत आत्ताची छायाचित्रे, वडिलांच्या वेळची कौलारू छपराची जुनी छायाचित्रे असल्यास तीही, आणि पाख्याचा काटछेद जोडा. तुमचे तापमानाचे आकडेही जोडा. समितीतही माणसेच असतात.

या हंगामात छप्पर उघडू नका. मान्यता यायला वेळ लागेल, आणि मेअखेरीस पाखे उघडे असताना वळीव कोसळला तर माडीची जमीनही जाईल. दसऱ्यानंतर एक पाखे घ्या, ते पुरे झाल्यावर दुसरे. तोवर पत्र्यावर वरून पांढरा उष्णता परावर्तित करणारा रंग द्या. चुना पत्र्याला धरत नाही आणि जस्ताचा थरही खातो, म्हणून तो नको. आतून पत्र्याच्या वीतभर खाली बांबूच्या चटया ताणून बांधा आणि दोन्ही टोकांना फट ठेवा. रात्री नऊनंतर चौकातली हवा खोलीपेक्षा गार झाली की एसी बंद करून जिन्याच्या वरच्या झरोक्यात बाहेर हवा फेकणारा पंखा लावा.

मागचा सोपा:

रंगाचे काम शनिवारी होईल. सुतार आज वर जाऊन आला. मागच्या पाख्यातल्या अकरा वाशांपैकी दोन मधूनच कापलेले निघाले, बहुधा १९९४ सालीच पाण्याच्या टाकीसाठी. टाकी तर केव्हाच काढली. अर्जात त्या दोन वाशांची बदलीही लिहितो. १९८० च्या सुमाराची, चौकातून वर बघत काढलेली एक तसबीर आईच्या फडताळात सापडली आहे. तिच्यात मागची कौले स्पष्ट दिसतात.